दीड कोटी चारशे नऊ

३ फेब्रुवारी, सकाळी ६
आजपासून रोजनिशी. जानेवारीतली नऊ तारखेला बंद पडली, त्यात माझा दोष नव्हता. पेन संपलं होतं.

आता मात्र लिहिण्यासारखं घडलं आहे. मीटर दुरुस्ती खात्यात मला सव्वीस वर्षं झाली. घराघरांतले पाण्याचे मीटर येतात. मी खोलतो, धुतो, वॉशर बदलतो, टाकीवर लावून पाहतो आणि परत पाठवतो. शनिवारी एक मीटर तिसऱ्यांदा आला. बिघाड काही नाही. तिन्ही वेळा माझ्याच टेबलावर. पितळी पट्टीवर नंबर १५०००४०९. दीड कोटी चारशे नऊ. सहज भागून पाहिला. दोनने जात नाही, तीनने नाही, पाचने नाही. सातने भागला तर चार उरले.

बसल्या जागी शहारलो. ज्याचे कोणाच्याने तुकडे पडत नाहीत, तो कोण, हे मला वेगळं सांगायला नको. ही मूळ संख्या आहे. मनाने कौल दिला. आता फक्त सिद्ध करायचं.

सकाळी ७
नेम ठरवले. सहा मेला मला पन्नास पूर्ण होतात, त्याआधी काम तडीला न्यायचं. सगळे भागाकार हाताने. कॅल्क्युलेटर, फोन, काही नाही. यंत्राकडून काढून घेतलेलं उत्तर म्हणजे दुसऱ्याकडून करवून घेतलेली प्रार्थना. रोज पहाटे दीड तास. वहीला दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायचा नाही. झालेला भागाकार परत तपासायचा नाही, तो अविश्वास. चहा दोनच वेळा.

७:४० तिसरा चहा. पहिल्या दिवशी सूट.

४ फेब्रुवारी
वर्गमूळ काढलं. तीन हजार आठशे त्र्याहत्तर आणि वर थोडं. तिथपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे, पुढे जायची गरज नाही. हे गावच्या शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं. इतर पोरं विसरली, मी नाही.

वर्कशॉपमध्ये जाहीर केलं. स्टोअरकीपरच्या टेबलावर मोठा कॅल्क्युलेटर आहे, म्हणून त्याला मुद्दाम बजावलं, की तू करून पाहू नकोस, आणि पाहिलंस तरी मला काही सांगू नकोस. रजिस्टरवर हात ठेवून त्याने शपथ घेतली. म्हणाला, मेलो तरी सांगणार नाही, गणिती. चार वाजता सगळे त्याच्या टेबलाभोवती जमून हसत होते. निश्चयी माणूस जवळ असला की वातावरण हलकं होतं.

५ फेब्रुवारी, पहाटे
अकराने सहा उरले. तेराने आठ. सतराने पुन्हा आठ. सतराचा इथे उतरवून ठेवतो, कारण फार देखणा झाला. दीडशेत सतरा आठे एकशे सेहेचाळीस, उरले चार. चाळीसमध्ये दोनदा, उरले सहा. साठमध्ये तीनदा, उरले नऊ. चौऱ्याण्णवमध्ये पाचदा, नव्वदमध्ये पाचदा, एकोणसाठमध्ये तीनदा. बाकी आठ. कुठे अडखळलो नाही.

पाढे माझे पहिल्यापासून पक्के. वर्गात चाळीस पोरं एका सुरात म्हणायचो, त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा. एकट्याने म्हणायची वेळ कधी आली नाही. एकदाच गुरुजींनी शाळा सुटल्यावर थांबवलं होतं, सतराचा म्हणून दाखव आणि मग घरी जा, म्हणाले. ते खडू ठेवायला वळले आणि मी खिडकीतून पळालो. पुढे त्यांनीच मला आपली मुलगी दिली, म्हणजे मत वाईट नसणार.

६ फेब्रुवारी
वर्कशॉपमध्ये माझा लॉकर बदलून सतरा नंबरचा दिला. स्टोअरकीपर म्हणाला, तुझ्या मानाचा आहे. न मागता दिला. भले लोक आहेत.

९ फेब्रुवारी, रविवार
गुरुजी आठ महिने आमच्याकडे आहेत. उजवी बाजू गेली, वाचा गेली. हिला भाऊ नाही, तेव्हा आणणार कुठे? खिडकीजवळची खोली त्यांना दिली आहे. घरातली एकच खोली जिला दार आहे. माझं गणित जेवणाच्या टेबलावर चालतं. तक्रार नाही, फक्त नोंद.

नेम मोडून आज त्यांना वही दाखवली. गुरूचा आशीर्वाद असावा. पहिलं पान त्यांच्यासमोर धरलं. बराच वेळ वाचत होते. मग डावं बोट पानावर टेकवलं आणि दाबून धरलं. तोंडातून आवाज काढायला लागले. लाळ गळून तेराचा भागाकार भिजला. आणि एकदम स्पष्ट म्हणाले, "सतरा."

आठ महिन्यांतला पहिला शब्द. ही हातातलं भांडं टाकून पळत आली. त्यांच्या पाया पडली, माझ्या पाया पडली, रडली. मीही गहिवरलो. माझ्या वहीत काही तरी आहेच.

१२ फेब्रुवारी
चाळणी लावून मूळ संख्यांची यादी पूर्ण केली. पाचशे छत्तीस. दिवसाला सहा म्हटलं तरी तीन मेपर्यंत आटोपेल.

गुरुजी दिवसभर सतरा. घास भरवला की सतरा, अंग पुसलं की सतरा. मी खोलीत गेलो की जास्तच. ही म्हणाली, "अहो, ते तुम्हाला काहीतरी सांगतायत. तुमच्या वहीत सतरा आहे का कुठे? एकदा परत करून बघा ना."
म्हटलं, झालेला भागाकार परत करायचा नाही असा नेम आहे.
म्हणाली, "चहाचाही होता."

१३ फेब्रुवारी, पहाटे
हिच्या समाधानासाठी परत केला. सतरा आठे एकशे सेहेचाळीस, उरले चार, सगळं तेच. बाकी आठ. पाढा काय रोज बदलतो? हिला सांगितलं, तपासलं, बरोबर आहे. वही बघू, म्हणाली. वही दिली नाही. नेम.

मग हिने विषय सोडला. काल ती हसत होती, आज नाही.

२० फेब्रुवारी
दोन दिवस सर्दी. एकही भागाकार नाही. उद्या बारा करून भरून काढणार.

दुपारी गुरुजींनी वर्तमानपत्राच्या कडेला डाव्या हाताने वेडेवाकडे आकडे काढले. १३६. खाली रेघ मारली. हिने तो तुकडा फाडून घेतला आणि मला आणून दाखवला. म्हटलं, रक्तदाब सांगत असतील. यंत्र लावून पाहिला, दीडशे निघाला. म्हणजे आता आकड्यांचंही भान राहिलं नाही. ज्या माणसाने शाळेच्या शाळा गणितात तयार केल्या त्याची ही अवस्था. वाईट वाटलं. जेवण नेहमीसारखं गेलं.

२८ फेब्रुवारी
झालेल्या साठ. असायला हव्या होत्या एकशे छप्पन्न. कारण उघड आहे. जेवणाच्या टेबलावर एकाग्रता होत नाही, आणि दाराआडून मिनिटामिनिटाला सतरा. भिंतीवर हाताने ठोकतात आताशा. आठ वेळा ठोकतात, थांबतात, परत आठ वेळा. मोजून पाहिलं. वेडालाही शिस्त असते.

हिच्याजवळ विषय काढला, की अशा माणसांसाठी शहराबाहेर एक चांगलं शुश्रूषागृह आहे. डॉक्टर असतात, आया असतात, आपल्यापेक्षा नीट बघतात. ही म्हणाली, "आणि त्यांच्या खोलीत कोण बसणार?"
म्हटलं, खोलीचा काय संबंध.

४ मार्च
डॉक्टर घरी आले. गुरुजींना विचारलं, हे साल कोणतं? सतरा. ही बाई कोण? सतरा. तुम्हाला मुलं किती? सतरा. डॉक्टरांना हसू आवरेना. मलाही. ही गुरुजींचा हात धरून बसली होती, म्हणाली, "डॉक्टर, त्यांना सगळं कळतं. त्यांना पाटी द्या, ते लिहितात." मी १३६ ची आणि रक्तदाबाची हकीकत सांगितली. डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर लिहिलं. गुरुजी मला एकटक बघत होते. शाळेत बघायचे तसंच. मी खिडकीकडे बघितलं.

१० मार्च
काल शुश्रूषागृहाचा फॉर्म भरला. एकच शब्द बडबडतात, हो. ठोकाठोक करतात, हो. हिशोब, तारीख, माणसं ओळखतात का, नाही. ही सही करत नव्हती. तिला समजावलं, की तुझं प्रेम आंधळं आहे, माझं डोळस आहे. रात्री जेवली नाही. आज सकाळी सही केली, पण अक्षर तिचं वाटत नव्हतं.

११ मार्च
आज नेलं. स्ट्रेचर दारात अडला तेव्हा गुरुजींनी डाव्या हाताने माझं मनगट पकडलं. त्या हातात इतका जोर असेल असं वाटलं नव्हतं. माझा तळवा उघडला आणि त्यावर बोटाने काहीतरी गिरवायला लागले. एक गोल, खाली शेपटी, मग काही वळणं. परत तेच. मला गुदगुल्या झाल्या, हसू फुटलं. ही बघत होती.

हसू माझ्या हातात नव्हतं. तळव्याला कोणीही बोट लावलं तर होतं.

१२ मार्च, पहाटे
खोलीत टेबल लावलं. दार लावलं. शांतता. देवाचे आभार मानले. पाचशे छत्तीस काय, हजार करीन.

७:३० झोप लागली होती. खाटेची गादी चांगली आहे.

२५ मार्च
खोली मिळाल्यापासून भागाकार अकरा. घाई करायची नाही असं ठरवलं आहे. आधी मनाची बैठक तयार व्हावी लागते. बैठक बहुधा आडवी होते.

ही रविवारी एकटीच जाऊन आली. विचारलं, कसे आहेत. म्हणाली, "तुम्हाला सतरा सांगितलंय."

९ एप्रिल
चारशे नऊपाशी आलो. संख्येच्या शेपटीतच चारशे नऊ आहे, म्हणून छातीत धडधडत होतं. तीनशे चौतीस उरले. सुटलो. देव आहे.

दुपारी शुश्रूषागृहातून फोन. गुरुजी ठोकतात, त्यामुळे शेजारच्या खाटांना त्रास होतो. शांत राहायचं औषध सुरू करायचं तर घरच्याची सही लागेल. वर्कशॉपमधून परस्पर जाऊन केली. पाच मिनिटांचं काम. आत जाऊन भेटलो नाही. मन हललं की भागाकार चुकतात. हिला अजून सांगितलेलं नाही, योग्य वेळी सांगेन.

१८ एप्रिल
विचार केला. पाचशे ते दोन हजार यांमधल्या मूळ संख्या सगळ्या एकाच स्वभावाच्या आहेत. प्रत्येकीने तेच उत्तर द्यायचं, की मी भागू शकत नाही. मग शंभर जणींना एकच प्रश्न विचारून काय मिळतं? नमुन्यादाखल चार केल्या. एक हजार नऊने सहाशे पंधरा उरले. चौघींनी एकमुखाने साक्ष दिली. बाकीच्या धरून चालतो. श्रद्धा नावाची गोष्ट गणितातही लागते, हे लोकांना माहीत नसतं.

२७ एप्रिल, रविवार
ही शुश्रूषागृहातून आली, चपला न काढता खोलीच्या दारात उभी राहिली. म्हणाली, "बाबा आता बोलत नाहीत. ठोकतही नाहीत. बसवलं की बसतात."
म्हटलं, बरं झालं, शांत झाले.
म्हणाली, "सही तुमची आहे."
मी वही मिटली. नंतर पुन्हा उघडली, पण आजचं काम बुडालं ते बुडालं. घरात सहकार्य नाही.

३ मे, सकाळी ८:१०
झालं. शेवटची तीन हजार आठशे त्रेसष्ट. ही मात्र प्रत्यक्ष केली. भागाकार तीन हजार आठशे त्र्याऐंशी, बाकी तीनशे ऐंशी. डोळे भरून आले. पाचशे छत्तीसपैकी एकशे चौऱ्याहत्तर हाताने, तीनशे बासष्ट श्रद्धेने. दीड कोटी चारशे नऊ ही मूळ संख्या आहे. ती कोणाच्यानेही भागली जात नाही. गावच्या शाळेतला मुलगा, सव्वीस वर्षं वॉशर बदलणारा, त्याने हे सिद्ध केलं. वही कॉलेजच्या लायब्ररीत काचेखाली ठेवतील का, याची चौकशी करायची आहे.

५ मे
वर्कशॉपमध्ये सांगितलं. स्टोअरकीपरने मिठी मारली. उद्या वाढदिवस आणि सत्कार एकदम करायचा ठरलं. पट्टीवर नंबर कोरून देणार आहेत. सगळे आतल्या आत इतके खूश होते की दोघं बोलता बोलता बाहेर निघून गेले.

भाषण तयार केलं. गुरुजींचा उल्लेख एका वाक्यात ठेवला आहे.

६ मे, दुपारी ३
टाकीजवळ सगळे जमले. पन्नासेक माणसं, साहेबसुद्धा. भाषण झालं. मग स्टोअरकीपरने फडक्यात गुंडाळलेली पितळी पट्टी दिली, म्हणाला, मोठ्याने वाच, गणिती.

वाचली. दीड कोटी चारशे नऊ बरोबर सतरा गुणिले आठ लाख ब्याऐंशी हजार तीनशे सत्त्याहत्तर.

मला वाटलं, कोरणाऱ्याची चूक. तसं म्हणालो. स्टोअरकीपर म्हणाला, चूक कसली, चार फेब्रुवारीला चार वाजताच आम्ही काढलं होतं. पण तू शपथ घातलीस ना, की सांगायचं नाही. तीन महिने जीभ चावून बसलोय. लॉकर तरी कळायला हवा होता तुला.

मी म्हटलं, शक्य नाही, सतराने आठ उरतात, मी दोनदा केलाय. फळ्याजवळ गेलो आणि सगळ्यांसमोर करून दाखवला. दीडशेत सतरा आठे एकशे सेहेचाळीस, असं मोठ्याने म्हणालो.

 मग मागून कोणीतरी म्हणालं, "किती?" मी परत म्हणालो, आणखी मोठ्याने. मग जे हसले ते थांबेचनात. साहेबांनी डोळे पुसले. वेल्डर खाली बसला. स्टोअरकीपर म्हणाला, "आम्हाला वाटलं तू कुठेतरी घाईत चुकला असशील. तुला पाढाच येत नाही, हे आम्हाला फुकट मिळालं."

मीटर साफ केले. अकरा.

६ मे, संध्याकाळी
हिने विचारलं, लवकर कसे आलात. पट्टी टेबलावर ठेवली. तिने वाचली. मग विचारलं, "सतरा आठे किती म्हणता तुम्ही?"
सांगितलं.
तिने पर्समधून कागदाचा तुकडा काढला. घडी घालघालून पार मऊ झालेला. पट्टीशेजारी ठेवला. १३६, खाली रेघ. म्हणाली, "सतराने भाग जात नाही म्हणालात तेव्हा मी गप्प बसले. मला वाटलं, भागाकार बरोबर आहे, मग बाबांचंच डोकं गेलं असेल. मी त्यांच्या तोंडावर विचारलं, बाबा, तुम्हाला वेड लागलं का? ते रडले."

मग पिशवी भरली. म्हणाली, शुश्रूषागृहात खाटेखाली झोपायला परवानगी आहे. डॉक्टर म्हणतात, औषध थांबवलं तरी गेलेलं परत येईल असं नाही. आता गिळायचंही विसरत चाललेत.

म्हटलं, मी काय करू?
म्हणाली, "खोली आहे ना."

८ मे
लॉकर बदलून मागितला. बाकी सगळे भरलेले आहेत, म्हणे.
तीनशे बासष्टपैकी एखादी राहून गेली असती तर समजण्यासारखं होतं. पण सतरा तर पाचव्या पानावरसुद्धा नव्हती. पहिल्या पानावर होती.

१०:२० दीड कोटी चारशे अकरा घेऊन पाहिली. तीनने भागली, तीनचा पाढा दोनदा तपासला. बाकी शून्य. वही मिटली.

११ मे, रविवार
शुश्रूषागृहात गेलो. लांब खोली, सहा खाटा, भिंतीला फिनेलचा वास. गुरुजी खुर्चीत, छातीवर पट्टा बांधलेला. ही स्टुलावर बसून चमच्याने पाणी देत होती. निम्मं हनुवटीवरून गळत होतं. मला बघून उठली नाही.

पट्टी आणि वही नेली होती. माफी कशी मागायची ते ठरवलं नव्हतं. त्यांच्यासमोर उभा राहिलो, हात जोडले आणि पाढा म्हणायला सुरुवात केली. सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. आवाज आपोआप चढला. ही म्हणाली, "ओरडू नका. इथे चाळीस जण नाहीत, आवाज लपवायला."

हळू म्हणालो. एकट्याने. सतरा सत्ते एकशे एकोणीस. सतरा आठे एकशे छत्तीस. तिथे थांबलो आणि त्यांच्याकडे बघितलं.

त्यांचा डावा हात हलला. मांडीवरून दोन बोटं वर आली, थरथरली. मी पुढे वाकलो. हिला म्हटलं, बघ, ओळखलं त्यांनी. शाबास म्हणतायत.

आया भांडं घेऊन आली. म्हणाली, "सरका हो साहेब. तसा हात केला की त्यांना लघवीला लागलेली असते."

सरकलो.